मादी आली तर

प्रॅक्टिकलच्या दिवशी आम्हा बारावीच्या पोरापोरींचं देवाकडे एकच मागणं असायचं: नर मिळू दे.

लॅबमधले मामा क्लोरोफॉर्मच्या बरणीतून बेडूक काढून एकेकाच्या मेणाच्या ट्रेमध्ये ठेवत जायचे. आम्ही आधी त्याचा पुढचा हात उलटून बघायचो. बेडकाच्या हाताला चारच बोटं. त्यातल्या पहिल्या बोटाच्या बुडाशी जाडसर गादी दिसली की नर. गळ्याच्या दोन्ही बाजूंना सुरकुतलेल्या पिशव्या असल्या की खात्रीच. यातलं काहीच नसलं की कपाळाला हात, क्लोरोफॉर्मच्या वासासकट.

कारण साधं होतं. विच्छेदनं पावसाळ्यात चालायची, आणि तोच त्यांचा विणीचा हंगाम. मादीचं पोट उघडलं की आत अंडीच अंडी. मोहरीएवढी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. जर्नलमध्ये एचबी पेन्सिलीने काढलेलं तीन पाळ्यांचं यकृत, जठर, आतड्यांची वेटोळी, सगळं त्यांच्याखाली गाडलेलं. आधी ती उपसा, मग मार्क मिळवा.

तोवरचं काम मात्र मला आवडायचं, हे कबूल करते. बेडकाची कातडी अंगाला सगळीकडे चिकटलेली नसते. सैल सदऱ्यासारखी चिमट्यात उचलून येते. खालच्या स्नायूंवर मधोमध एक शीर दिसते. तिथे कात्री लागली तर ट्रेमधलं पाणी लाल आणि परीक्षक तुमच्यामागे उभे. म्हणून थोडं बाजूने कापायचं. आत बरगड्या नाहीतच, त्यामुळे छाती उघडायला फार झटापट नाही.

आणि तिथे हृदय चालूच असायचं. वर दोन काळपट अलिंदं, खाली एकच फिकट निलय. ठोक्याची लय त्याच्या स्वतःच्या स्नायूत असते, मेंदूचा हुकूम लागत नाही, हे दोन मार्कांचं उत्तर मला पाठ होतं. पाठ असूनही मी दर वेळी क्षणभर कात्री खाली ठेवायची.

तेव्हा ह्या बेडकाचं शास्त्रीय नाव राना टिग्रिना. आता ते होप्लोबॅट्राकस टायगेरिनस झालंय. बरं झालं, आम्हाला हे स्पेलिंग आलं नसतं. ह्याच बेडकाच्या तंगड्या परदेशी जायच्या, ती निर्यात भारताने १९८७ साली बंद केली. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांतूनही विच्छेदन थांबवायला सांगितलं. माझी भाची बेडूक मोबाइलवर उघडते. तिच्या बेडकात अंडी नाहीशी करायला एक बटण आहे.

परवा रात्री पाऊस थांबल्यावर घरामागच्या डबक्यात गलका सुरू झाला. आम्ही दोघी टॉर्च घेऊन गेलो. लिंबासारखे पिवळेधमक नर, गळ्याशी दोन निळे फुगे, फुगतायत नि ओरडतायत. हात उलटून बघायची गरजच नव्हती. कडेला एक मातकट रंगाची, फुगीर, गप्प बसलेली.

"मावशी, हिच्या पोटात काय गं एवढं?"

"अंडी."

"किती असतात?"

मोजली नव्हती. चिमट्याने काढून काचेच्या वाटीत ठेवली होती, आणि तास संपल्यावर मामांनी सगळ्यांच्या वाट्या बेसिनमध्ये रिकाम्या केल्या होत्या.