तुम्ही विचारलंत म्हणून: माजी नेत्याचं बोलणं किती खरं मानायचं?

उचगाव, कडोली, येळ्ळूरची साहित्य संमेलनं असोत की बेळगावातली एखादी व्याख्यानमाला, जगाच्या राजकारणावर भाषण झालं की एक प्रश्न हमखास येतो. खुर्ची गेल्यावर हे मोठे नेते एवढं मोकळं बोलतात, त्यातलं खरं किती मानायचं? वक्तृत्व स्पर्धेची तयारी करणारी मुलं तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारतात: "जर्मनीच्या माजी चान्सलर मर्केल असं म्हणाल्या, हे भाषणात घालू का?"

जरूर घाला, पण साक्ष म्हणून, निकाल म्हणून नव्हे. साक्षीदार त्या खोलीत हजर होता, म्हणून त्याचं ऐकायचं. आणि त्या खोलीत जे ठरलं त्यात त्याचा स्वतःचा हात होता, म्हणून त्या दिवशीचा कागद शेजारी ठेवून ऐकायचं.

सीमाभागात हे समजावायला फार वेळ लागत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालावर दोन्ही बाजूंनी किती भाषणं झाली, त्याची मोजदाद नाही. पण 264 गावं महाराष्ट्राला, 247 कर्नाटकाला, बेळगाव शहर कर्नाटकातच, हे आकडे निघाले की इथला माणूस आधी विचारतो, "यादीत आमचं गाव कुठं आहे?" मॉस्को आणि बर्लिनच्या बातमीलाही हाच प्रश्न लावायचा: कागदावर नेमकं काय आहे?

मिखाईल गोर्बाचेव्ह यांचंच घ्या. सोव्हिएत संघाची सूत्रं त्यांच्याकडे 1985 ते 1991 होती. 2009 मध्ये एका जर्मन वृत्तपत्राला ते म्हणाले की, नाटो ही अमेरिका आणि युरोपातल्या देशांची लष्करी आघाडी पूर्वेकडे एक इंचही सरकणार नाही, असं आश्वासन पश्चिम जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर कोल आणि अमेरिकेचे बेकर यांनी आपल्याला दिलं होतं. 2014 मध्ये एका रशियन मुलाखतीत हेच गोर्बाचेव्ह म्हणाले की, नाटोच्या विस्ताराचा विषय त्या काळी निघालाच नव्हता. युक्रेनवर वाद पेटला की एक बाजू पहिलं वाक्य उचलते, दुसरी दुसरं.

आता कागद. 9 फेब्रुवारी 1990 ला मॉस्कोत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर आणि गोर्बाचेव्ह यांच्यात बोलणं झालं. त्याची टिपणं आज कुणालाही वाचता येतात. त्यात 'एक इंच' आहे, आणि दोनदा आहे. एकदा सरळ विधान म्हणून, एकदा प्रश्न म्हणून: नाटोबाहेरची एकसंध जर्मनी तुम्हाला हवी, की नाटोतली, पण नाटोची हद्द पूर्वेकडे एक इंचही सरकणार नाही या हमीसह? चर्चा जर्मनीच्या एकीकरणाची होती. वॉर्सा करार, म्हणजे सोव्हिएत गटाची लष्करी आघाडी, तेव्हा अजून अस्तित्वात होता, पोलंड आणि हंगेरी त्यातच होते. मग 12 सप्टेंबर 1990 ला जर्मनीच्या एकीकरणाचा तह झाला. त्याच्या पाचव्या कलमानुसार पूर्वीच्या पूर्व जर्मनीच्या भूमीवर परकी सैन्य आणि अण्वस्त्रं ठेवायची नाहीत. पोलंड किंवा हंगेरी नाटोत येण्याबद्दल तहात अवाक्षर नाही. पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक 1999 मध्ये नाटोत आले.

म्हणजे तोंडी बोलणं झालं होतं, पण ते तहात उतरलं नाही. गोर्बाचेव्ह यांच्या दोन्ही वाक्यांना थोडा थोडा आधार आहे. आणि 2014 च्या त्याच मुलाखतीत त्यांनी पुढं म्हटलं होतं की, नंतरच्या विस्तारानं 1990 च्या बोलण्यातल्या भावनेचा भंग झाला. हा पुढचा भाग कात्री लावून वगळला जातो, म्हणून मुलाखत नेहमी शेवटपर्यंत वाचावी.

यासाठी साधी वही पुरते. डाव्या पानावर वाक्य जसंच्या तसं, तारीख, कुणाला सांगितलं, आणि बोलणारा त्या घटनेच्या वेळी कोणत्या पदावर होता ते. उजव्या पानावर त्या काळचा कागद: तह, ठराव, संसदेतलं निवेदन. तासाभराच्या भाषणातून दहाच वाक्यं उतरवा. जास्त घ्यायला गेलं की हात मागं पडतो, आणि वक्त्याच्या शब्दांच्या जागी आपले शब्द येतात. नंतर क्रियापदांखाली रेघ मारा. "चुका झाल्या", "तसं ठरलं होतं", "कळवण्यात आलं", अशा वाक्यांत कर्ता सापडत नाही. तिथं समासात प्रश्नचिन्ह घाला: कुणी केल्या, कुणी ठरवलं? खुर्चीवरून उतरलेला माणूस दुसऱ्याचं नाव ठणकावून घेतो, आणि स्वतःपाशी आला की वाक्य कर्मणी होतं. हे सगळ्या देशांत सारखंच चालतं.

भाकितं वेगळ्या पानावर काढा. राजदूतांचे आणि गुप्तचरांचे अहवाल रोज टेबलावर येणं बहुतेकांच्या बाबतीत पदासोबत थांबतं, त्यामुळं पुढं काय होणार याचा त्यांचा अंदाज लवकर शिळा होतो. तांबड्या समुद्राचं बघा. 2023 च्या नोव्हेंबरपासून तिथं जहाजांवर हल्ले वाढले आणि कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाऊ लागले. एका फेरीला दहाएक दिवस जास्त लागू लागले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून कास्टिंग बाहेर पाठवणाऱ्यानं "महिन्याभरात निवळेल" या कुणाच्या वाक्यावर ऑर्डरची तारीख देऊ नये. शिपिंग एजंटचा ताजा दर आणि जहाजाचं वेळापत्रक बघूनच द्यावी.

आता मर्केल. 2005 ते 2021 त्या जर्मनीच्या चान्सलर होत्या. डिसेंबर 2022 मध्ये 'डी त्साइट' साप्ताहिकाला त्या म्हणाल्या की, 2014 चा मिन्स्क करार (पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवण्यासाठीचा) हा युक्रेनला वेळ मिळवून देण्याचा प्रयत्न होता, आणि युक्रेननं तो वेळ बळकट होण्यासाठी वापरला. मॉस्कोनं लगेच त्याला फसवणुकीची कबुली ठरवलं. आपल्याकडं फिरणाऱ्या मेसेजमध्येही 'कबुली' हाच शब्द आला, जो मर्केल यांच्या तोंडी नाही. कागद सांगतो की, 12 फेब्रुवारी 2015 ला दुसरा मिन्स्क करार झाला, त्यात 13 कलमं होती, आणि पाच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव 2202 करून त्याला पाठिंबा दिला. त्याच आठवड्यात देबाल्त्सेवे हे शहर युक्रेनच्या हातून गेलं. रणांगणावर युक्रेनला उसंत हवी होती, हे यावरून दिसतं. पण 'वेळ मिळवून देणं' हा 2015 मधलाच हेतू होता, की 2022 च्या युद्धानंतर त्या कराराला दिलेला अर्थ, ते मुलाखतीवरून ठरत नाही. 2022 च्याच जूनमध्ये मर्केल यांनी आपल्याला माफी मागण्यासारखं काही वाटत नाही, असं सांगितलं होतं. फ्रान्सचे माजी अध्यक्ष ओलाँद यांनी मर्केल यांच्या 'वेळ मिळवून देण्या'च्या म्हणण्याला दुजोरा दिला खरा, पण वाटाघाटीच्या टेबलावर तेही बसले होते. त्यांना स्वतंत्र साक्षीदार धरता येत नाही. मुलांनो, भाषणात हे वाक्य घेताना 'कबूल केलं' लिहू नका, 'म्हणाल्या' लिहा आणि महिना-वर्ष घाला.

काही वेळा उजवं पान कोरंच राहतं. आपल्याकडं 1962 च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारनं अजून खुला केलेला नाही. यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून सप्टेंबर 1963 मध्ये संसदेत त्यातलं सांगण्याजोगं तेवढं सांगितलं. त्या युद्धाबद्दल नंतर कुणी कितीही ठामपणे बोललं, तरी त्या पानावर चव्हाणांचं निवेदन तेवढं लिहायचं आणि खाली जागा सोडायची. जर्मनीत सरकारी कागद साधारण 30 वर्षांनी अभ्यासकांना खुले होतात, म्हणजे दुसऱ्या मिन्स्क कराराचे 2045 च्या सुमारास. आज दहावीत असलेली मुलं तेव्हा पस्तिशीच्या आसपास असतील. मर्केल यांच्या त्या वाक्यासमोर पेन्सिलीनं 2045 लिहा आणि वही रद्दीत देऊ नका.