तुम्ही विचारलंत म्हणून: मी 95 चीच मॅच काहून काढतो

पानठेल्यावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, 2025 च्या मार्चमध्ये केरळविरुद्धची फायनल होऊन विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी घेतली तेव्हा गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तेच. लोकं पेढे वाटून राहिले आणि तू नागपूरच्या मैदानाचा विषय निघाला की 95 ची मॅच काहून काढतो बे? इतकी वर्षं जाऊ द्या म्हणत आलो. आता एकदा लिहूनच टाकतो.

मला आनंद होत नाही असं कोणी म्हणू नका. 1 जानेवारी 2018 ला इंदूरला रणजीच्या फायनलमध्ये दिल्लीला हरवलं तेव्हा मी गव्हाला ओलीत करत होतो, मोबाईल बोरीच्या फांदीत अडकवलेला, आपल्या टीमच्या वसीम जाफरने शेवटचा चौका मारला आणि मी चिखलात उभा राहून एकटाच ओरडलो. आपल्या नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू, भारताचे पहिले टेस्ट कॅप्टन, होळकरांकडे खेळायला त्याच इंदूरला गेले होते, हे मीच पोरांना सांगितलं. 31 ऑक्टोबर 1987 चंही सांगतो, चेतन शर्माने न्यूझीलंडचे तीन जण लागोपाठ बोल्ड केले, वर्ल्डकपमधली पहिली हॅट्ट्रिक, आणि त्याच दिवशी गावसकरचं वनडेतलं एकुलतं एक शतक. ती तारीख सी. कें.च्या वाढदिवसाची. हे सगळं मी प्रेमानेच सांगतो ना? मग एक गोष्ट तुम्हाला नको असलेली सांगितली तर एवढं काय बिघडतं.

26 नोव्हेंबर 1995. पुन्हा न्यूझीलंडच, सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान. आमच्याकडे संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी चालू होती, बाबांनी कशीबशी एका दिवसाची सुट्टी दिली, म्हणून पहाटेच्या पहिल्या एसटीने काटोलहून निघालो, मी आणि माझा आतेभाऊ. तिकिटं दोन वेगवेगळ्या ठिकाणची मिळाली, एक ईस्ट स्टँडचं, एक समोरच्या बाजूचं. तो दोन वर्षांनी मोठा. म्हणे दुपारनंतर ईस्टमध्ये ऊन तोंडावर येते, तू सावलीतलं घे. मी घेतलं. डब्यात पोळ्या आणि मिरचीचा ठेचा होता, तो रुमालात अर्धा-अर्धा वाटून घेतला आणि गेटवर वेगळे झालो.

न्यूझीलंडने 348 केले. त्या काळात 348 म्हणजे काय, आजच्या पोरांना समजणार नाही. जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास समोरून आवाज आला. मोठा नव्हता, ट्रॉलीतून गिट्टी ओतली की होतो तसा. धूळ दिसली. बाजूचा माणूस म्हणाला, भिंत पडली वाटते. मीही उठून पाहिलं, हात कपाळावर धरून, आणि कोणीतरी मागून ओरडलं, खाली बस ना बे. मी बसलो.

माणसं गेली त्यात. मॅच मात्र चालूच राहिली आणि मी पाहत राहिलो. पूर्ण पाहिली. सचिन खेळत होता तोवर तर मला भाऊ आठवलाही नाही. भारत 99 रननी हरला आणि मला वाईट वाटलं ते हरल्याचं.

रात्री एसटी स्टँडवर, जिथं भेटायचं ठरलं होतं तिथं, तो आधीच येऊन बसलेला. एका पायात चप्पल नव्हती. शर्टावर रक्त होतं, त्याचं नव्हतं. हातात ठेच्याचा रुमाल तसाच, न सोडलेला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "लोकं उचलत होतो." मग बऱ्याच वेळाने, "तू मॅच पाह्यत होता?" मी म्हटलं, हाव. काटोलपर्यंत तो काही बोलला नाही.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावलं की मला काय माहीत होतं, मोबाईल नव्हते, वीस-बावीस वर्षांचं पोरगं, गर्दीत पलीकडे जाणार कसं. हे खोटं नाही. पण आवाज ऐकला होता, धूळ पाहिली होती, आणि तो त्याच बाजूला बसलाय हेही माहीत होतं. कधी वाटतं मी उगाच स्वतःला छळतो, जाऊन तरी काय करणार होतो, चेंगराचेंगरीत आणखी एक. मग वाटतं, त्यानेही असाच विचार केला असता तर? यावर माझं माझ्याशीच अजून जमलेलं नाही.

2008 पासून मोठ्या मॅच जामठ्याच्या नव्या मैदानावर गेल्या, 2019 ची रणजी फायनल मी तिथंच पाहिली, आपल्या आदित्य सरवटेने अकरा विकेट घेतल्या. मैदान मस्तच आहे. पण जुन्या मैदानाचं नाव निघालं की तुम्हाला गावसकर आठवतो आणि त्या दिवशी मॅच पाहायला येऊन घरी परत न गेलेली माणसं कोणालाच आठवत नाहीत, ते मला सहन होत नाही. म्हणून काढतो.

केरळच्या फायनलच्या वेळी आतेभाऊ सहज घरी आला होता. टीव्ही चालू होता. मी बंद करायला उठलो तर म्हणाला, "राहू दे, पाह्य तू." आणि चहाचा कप घेऊन अंगणातल्या बंडीवर जाऊन बसला. मी थोडा वेळ टीव्हीसमोरच उभा होतो, मग माझा कप घेऊन बाहेर गेलो.