अर्धी गोळी

दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजीच्या तोंडी परीक्षेत सरांनी माझ्यापुढे कुत्र्याच्या रक्तदाबाचा आलेख सरकवला. अ‍ॅड्रिनॅलिन दिलं की रेघ वर चढते, आणि आधी अल्फा-ब्लॉकर (रक्तवाहिन्या आवळणारी 'अल्फा' दारं बंद करणारं औषध) देऊन तेच अ‍ॅड्रिनॅलिन टोचलं तर रेघ खाली घसरते. हेन्री डेल या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०६ मध्ये अरगट ही बुरशी वापरून दाखवलेली करामत. का? मी पोपटासारखं सांगून टाकलं: अल्फाची दारं बंद, उरला बीटा-२ हा दुसरा दरवाजा, तो रक्तवाहिन्या सैल सोडतो.

"प्राझोसिन, हाही अल्फा-ब्लॉकरच. कशाला देतात?"

"रक्तदाब. प्रोस्टेट."

"आणखी?"

आणखी काय ते काही केल्या आठवेना. सर म्हणाले, "कोकणात नेमणूक झाली तर कळेल."

झाली. बाँडचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष, रायगडातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. मे महिन्याचे शेवटचे दिवस, म्हणजे गावोगाव शाकारणी. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, आणि त्यांच्याखालच्या गारव्यात बसलेले विंचू हाताला लागायचे. बापाच्या हातात कौलं देणारा सहा वर्षांचा मुलगा संध्याकाळी आमच्याकडे आणला. लोक मोठ्या काळ्या इंगळीला घाबरतात. हा तांबडा, बोटभर. "एवढासाच व्हता," बाप म्हणाला. तांबडा म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

पोर रडत नव्हतं, आणि हेच वाईट. ठणक्यानं बोंबलणारा रुग्ण बहुतेक वेळा दंशाच्या जागी बधिरतेचं इंजेक्शन देऊन सुधारतो. हा गप्प. दोनदा उलटी झालेली, सदरा घामानं पिळून काढावा असा, नाडी धावतेय, आणि पाय गुडघ्यापर्यंत माठासारखे गार.

विष मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्या मिटूच देत नाही. मग सिंपथेटिकच्या (संकटात शरीराला लढायला-पळायला सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेच्या) टोकांतून आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा सगळा साठा एकदम रक्तात ओतला जातो. अल्फा-१ मुळे रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून पाय गार. आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. घाम मात्र फसवा. घामाची नस सिंपथेटिकचीच, पण तिच्या टोकाला वेगळंच रसायन निघतं, अ‍ॅसिटाइलकोलिन. (परीक्षेतला लाडका सापळा.) घाम आणि उलट्या बघून अ‍ॅसिटाइलकोलिन अडवणारं अ‍ॅट्रोपिन द्यायला हात शिवशिवतो. दिलं तर आधीच उधळलेलं हृदय आणखी उधळतं. एकटा बीटा-ब्लॉकरही नको, कारण अल्फा मोकाट राहतो आणि हृदयाचा जोर मात्र जातो.

हे सगळं मला आयतं मिळालं होतं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या केंद्रात रुजू झाले, तेव्हा गंभीर दंशाचे जवळजवळ ३० टक्के रुग्ण दगावत. विंचवावर उतारा म्हणून नव्हे, तर रक्तदाबावर म्हणून बाजारात असलेली साधी गोळी, म्हणजे प्राझोसिन, त्यांनी या वादळात वापरून पाहिली आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हे पुढे २०११ मध्ये त्यांनीच दाखवलं. आमच्या कपाटात त्या दिवशी प्रतिविष नव्हतं.

गोळी मात्र होती, तीही दोन प्रकारची. एक सावकाश विरघळणारी. ती मोडता येत नाही, इथे निरुपयोगी. दुसरी साधी, १ मिलिग्रॅमची, मधे रेघ असलेली. मुलाचं वजन १७ किलो. किलोला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५१०. मी रेघेवर गोळी मोडली.

आई माझ्या बोटांकडे बघत होती. "म्याडम, अर्दीच? येक सुई तरी मारा."

तिचं चूक नव्हतं. जीव जाऊ घातलेल्या पोराला अर्धी गोळी ही तिला थट्टाच वाटली असणार. त्यावर मी कहर केला, त्याला उचलायला बंदी घातली. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर उभं केलं तर रक्तदाब धाडकन कोसळू शकतो. ती दर पाच मिनिटांनी कडेवर घ्यायला वाकायची, आमच्या सिस्टर तिचा हात धरायच्या. शेवटी सिस्टरनी तिला पायाशी बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पाय धरून बसा, गरम लागले की आम्हाला सांगा." मी मॉनिटर नसल्याची कुरकुर करत होते, त्यांनी मॉनिटर नेमूनही टाकला.

उलट्या थांबल्यावर घोट-घोट पाणी. तीन तासांनी दुसरी अर्धी. महाडला न्यायला गाडी दारात उभी होती, कारण फुप्फुसात पाणी भरलं असतं तर खेळच बदलतो. तिथे रक्तदाब घसरलेला असेल तर डोब्युटामिन, म्हणजे आता जे अडवतोय त्याच सिंपथेटिकची हृदयाला जोर देणारी बीटा-१ बाजू उलट ढकलायची. ती वेळ आली नाही.

रात्री साडेबाराला आईनं हाक मारली. घोटे कोमट होते. दोनच्या सुमाराला गुडघे. पहाटे मी टेबलावर डोकं टेकलं होतं, तेवढ्यात वॉर्डातून केकाटल्याचा आवाज आला. धावत गेले तर पोरगं बोट वर धरून भोकाड पसरून बसलं होतं. बोट ठणकतंय म्हणून.

"आता सुई देते," मी आईला म्हटलं.