दहा दिवसांत दात, आणि पेठ नाक्यापासूनचे चाळीस किलोमीटर

"ताई, कायबी काळजी करू नका, दहा दिवसांत सगळे दात चकाचक करून पाठवतो." सांगलीच्या दातांच्या दवाखान्यातून आलेला हा व्हॉट्सॲपवरचा निरोप मी अजून पुसलेला नाही. मी इंग्लंडात रेडिंगला राहते, माहेर सांगलीचं. या एका ओळीच्या भरवशावर बारा दिवसांची रजा काढली आणि डिसेंबर २०२४ मध्ये निघाले. प्रत्यक्षात एकोणीस दिवस राहावं लागलं, त्यातला एक आठवडा बिनपगारी. आणि जूनमध्ये पुन्हा जावं लागलं ते वेगळंच.

मला काय करायचं होतं ते आधी सांगते, म्हणजे तुमच्या तोंडाशी ताडून बघता येईल. डावीकडची खालची एक दाढ नव्हती, उजवीकडची वरची एक नव्हती, आणि दोन दाढांना रूट कॅनल करून कॅप बसवायच्या होत्या. इथल्या खासगी डॉक्टरनं दोन इम्प्लांटचे कॅपसकट ५,६०० पौंड, वरच्या दाढेखाली हाड भरण्याचे १,२०० आणि रूट कॅनलचं मिळून २,६०० असा आकडा दिला होता. इम्प्लांट एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, सहसा होतच नाहीत. रूट कॅनल आणि कॅप मात्र होतात, आणि अख्ख्या उपचाराला २०२५-२६ मध्ये ३२६ पौंड ७० पेन्स लागत होते. फक्त नवीन रुग्ण घेणारा डॉक्टर सापडला पाहिजे. तुम्हाला सापडला असेल तर रूट कॅनलसाठी विमानात बसू नका, हे मी स्पष्टच सांगते.

आता त्या "दहा दिवसां"चं. इम्प्लांट म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे "स्क्रूचा दात" म्हणतात तो. त्याचे तीन भाग असतात. हाडात जाणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावरचा जोड (ॲबटमेंट) आणि वरची कॅप. स्क्रू बसवायला अर्धा तास पुरतो, पण हाड त्याला धरून घ्यायला महिने लागतात. स्वीडनच्या ब्रोनेमार्कनी १९६५ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्याला तीन आणि वरच्याला सहा महिने थांबायचं होतं. आता काही ठिकाणी ही मुदत कमी झाली आहे, काही केसमध्ये त्याच दिवशी दातही देतात, पण तो बहुतेक वेळा तात्पुरता असतो. कायमची कॅप नंतरच. हे मला रेडिंगमध्ये बसून पाच मिनिटांत वाचता आलं असतं. वाचलं नाही, कारण मला दहा दिवसच ऐकायचे होते.

तेव्हा पहिला हिशोब असा: हाडात स्क्रू बसणार असेल तर दोन फेऱ्या धरा. दोन तिकिटं, दोन रजा. एका फेरीत होतं म्हणणाऱ्याला एकच विचारा, "कायमची कॅप कधी?"

दुसरी फसगत दराची. फोनवर "स्क्रूचे अठरा हजार" सांगितले होते. ते खरोखर स्क्रूचेच निघाले. जोड आणि झिर्कोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, चिनी मातीसारख्या पदार्थाची) कॅप यांचे दाताला १४ हजार वेगळे. थ्रीडी स्कॅनचे (सीबीसीटी) तीन हजार वेगळे. वर हाड किती कमी आहे हे स्कॅनमध्येच कळलं, म्हणून सायनस (वरच्या दाढांच्या वरची, नाकाशी जोडलेली पोकळी) उचलून हाडाची पावडर भरायची, त्याचे सर्जनच्या फीसकट ४० हजार. रूट कॅनल धरून मी ६४ हजारांच्या तयारीने गेले होते, झाले १ लाख ३५ हजार. हाड भरण्याचा खर्च स्कॅनआधी सांगता येत नाही हे मान्य. पण जोड आणि कॅप काय आकाशातून पडणार होत्या? आणि पक्कं बिल मागितल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बिल पाहिजे तर अठरा टक्के जीएसटी लागंल मॅडम." दातांच्या उपचारांना जीएसटी माफ आहे. निव्वळ सौंदर्यासाठी काही केलं तर गोष्ट वेगळी, आणि दाढेला कोणी सौंदर्य म्हणत नाही. मी तिथेच बसून राहिले. वीस मिनिटांत जीएसटीशिवाय बिल आलं.

याउलट रूट कॅनल करणाऱ्या बाईंचं काम पहिल्या प्रतीचं होतं. इंग्लंडमध्ये माझ्यावर इतक्या शांतपणे कुणी काम केलेलं नाही. राग आहे तो हिशोबावर, हातावर नाही.

आता खरं दुखणं. "सगळं एकाच छताखाली" असंही सांगण्यात आलं होतं. पाचव्या दिवशी कळलं की सायनसचं ऑपरेशन करणारे सर्जन कराडला बसतात. सांगलीला ते महिन्यातून एकदा येतात आणि तो दिवस आदल्याच आठवड्यात होऊन गेला होता. म्हणून कराड. जाताना काहीच वाटलं नाही, तोंड ठणठणीत होतं. अकराची वेळ दिली होती, सर्जन आले साडेतीनला. पाच वाजता टाके घालून झाले आणि सूचनांचा कागद हातात आला: दोन आठवडे विमान नाही, नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, दाबायची नाही. सायनसमध्ये दाब वाढला की भरलेलं हाड हलतं, म्हणून हे सगळं. दोन आठवडे विमान नाही हे वाचलं तेव्हा माझं परतीचं तिकीट सात दिवसांवर होतं. तारीख बदलायचे १४० पौंड गेले.

सहाला कराड सोडलं. हायवेवर रुंदीकरणाचं काम, वळणं-वळसे, तरी पेठ नाक्यापर्यंत ठीक. तिथून सांगली चाळीसेक किलोमीटर. हा रस्ता किती वर्षं बदनाम आहे ते सांगलीकराला सांगायला नको. आम्ही गेलो तेव्हा चौपदरीकरण चालू होतं. म्हणजे थोडं काँक्रीट, मग अचानक खाली उतरून जुना रस्ता, मग खडी, मग परत वर चढायचं. काँक्रीटवर गाडी चढताना जो दणका बसतो तो सरळ वरच्या जबड्यात. भूल साताच्या सुमारास उतरली, आष्टा अजून यायचं होतं. गोळी मी "घरी जाऊन जेवल्यावर घेऊ" म्हणून पर्समध्ये ठेवली होती. असला मूर्खपणा करू नका. भूल असतानाच पहिली गोळी घ्या.

आणि धूळ. पुढे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या, त्यांच्या मागे धुळीचा पडदा. शिंक आली. तोंड उघडून शिंका म्हणतात, पण टाके ताजे असताना तोंड किती उघडणार? टॉवेल गालाला दाबला आणि कशीबशी दिली. टॉवेलवर रक्ताचा डाग आला, नाकातून पण थोडं आलं. अशा ऑपरेशननंतर थोडं रक्त येऊ शकतं हे मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. त्या रात्री ते कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मी ट्रॉलीच्या लाल दिव्यांकडे बघत सगळं हाड नाकातून बाहेर पडलं असं समजून रडत होते. ड्रायव्हर बिचारा म्हणाला, "मॅडम, अजून हळू घेऊ का?" ताशी वीसने चाललो होतो. घरी पोचायला नऊ वाजले. भाच्यानं लाडानं शहाळं आणून ठेवलेलं, त्यात स्ट्रॉ खोचलेली. वहिनीनं ती उपसून शहाळं भांड्यात ओतलं.

एवढं का लिहिते? कारण या एका संध्याकाळवरून पुढची सगळी तजवीज ठरवा. ऑपरेशन कुठे, कोण करणार आणि त्या रात्री तुम्ही झोपणार कुठे, हे तिकीट काढायच्या आधी विचारा. आमच्यासारखं दुसऱ्या गावी जावं लागलं तर रात्री तिथेच लॉजवर राहा, हजार-दीड हजारासाठी जीव टांगू नका. जायचंच असेल तर रेल्वेने जा. कराडचं स्टेशन गावाबाहेर ओगलेवाडीला आहे, तिथवर रिक्षा लागते, पण रुळांवर खड्डे नसतात. सोबत एक माणूस हवाच. बर्फाच्या पिशव्या थर्मासमध्ये न्या. काळ्या रंगाचा टॉवेल न्या, डाग दिसत नाही. हे शेवटचं मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

मुंबईहून सांगलीला यायलाही मी विमानतळावरून गाडी केली होती. ठरले साडेसात हजार, दारात आल्यावर टोल, नाईट चार्ज आणि "रिकामी परत जायचंय" धरून ११,२०० मागितले. दादा बाहेर येऊन बोलला म्हणून नऊ हजारांवर मिटलं. जूनमध्ये शहाणी झाले आणि महालक्ष्मी एक्सप्रेसने आले. संध्याकाळी मुंबईत बसा, सकाळी सांगलीत उतरा, पाठही ठीक राहते. पुण्यात उतरणार असाल तर पुणे-कोल्हापूर वंदे भारत सांगलीला थांबते, पण ती रोज नाही, वार बघून तिकीट काढा.

दुसरी फेरी जूनमध्ये का घेतली याला सहा महिन्यांखेरीज आणखी एक कारण आहे. जुलै-ऑगस्ट टाळाच. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय ते त्या महिन्यांत सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाण्याकडेच बघत बसतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. तुमची कॅप कोल्हापूरच्या लॅबमध्ये आणि रस्ते बंद, ही वेळ येऊ शकते. दिवाळीचा आठवडाही नको, लॅबची पोरं गावी गेलेली असतात.

ही फेरी सोपी गेली. माप घेतलं, पाचव्या दिवशी ट्रायल, सातव्या दिवशी कॅप. मधे हरिपूरला संगमावर एक संध्याकाळ छान गेली. त्याचं इथे काही काम नाही. कॅपचा रंग मात्र ट्यूबलाइटखाली निवडू नका. शेडची पट्टी घेऊन दारात उन्हात उभ्या राहा आणि शेजारच्या दाताशी लावून बघा. वहिनी "एक नंबर पांढरा घे गं" म्हणत होती. पन्नाशीच्या तोंडात एक दाढ दुधासारखी दिसली असती. कॅप बसल्यावर निदान चार दिवस हातात ठेवा. निळा कागद चावून डॉक्टर उंची जुळवतात, पण भूल उतरल्यावर, झोपून उठल्यावर, भाकरी खाल्ल्यावर ती पुन्हा खटकते. मला दोनदा घासून घ्यावी लागली. भडंग मात्र डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत डब्यातच ठेवा. सांगलीत राहून हे सोपं नाही, मला ठाऊक आहे.

जायच्या आधी काही गोष्टी. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच जा. हाडांच्या ठिसूळपणावर गोळ्या चालू असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या असतील तर पहिल्याच फोनवर सांगा, यातल्या काही गोळ्यांमुळे जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो. मशेरी लावत असाल तर मी काय सांगू, डॉक्टरच सांगतील. डॉक्टरांचा महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, स्क्रू बसवणारा आणि कॅप करणारा कोण एमडीएस (दातांच्या एखाद्या शाखेतला पदव्युत्तर डॉक्टर) आहे ते विचारा. प्रवास विमा नेहमीचा असेल तर ठरवून केलेल्या उपचारातली गुंतागुंत त्यात धरत नाहीत.

सगळं धरून पैसे वाचले का? उपचाराचे साधारण साडेबाराशे पौंड, दोन तिकिटांचे तेवढेच, तारीख बदलणं, गाड्या, सगळं मिळून २,८५० च्या आसपास. इथे ९,४०० झाले असते. वाचले. पण एकच दाढ असती तर मी गेले नसते, आणि माहेर तिथे नसतं तर दोन दाढांसाठीही नाही. अनोळखी गावात लॉजवर गाल सुजवून पडायला पैसे वाचवणं हे कारण पुरत नाही.

एक वस्तू मात्र विसरू नका. स्क्रूच्या खोक्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेला स्टिकर असतो. "इम्पोर्टेड आहे" हे उत्तर घेऊ नका. कोरियाचा ऑस्टेम की स्वित्झर्लंडचा स्ट्रॉमन, नाव पाहिजे, कारण प्रत्येक कंपनीचा पेचकस वेगळा. मी जवळजवळ भांडून दोन्ही स्टिकर फाइलवर चिकटवून घेतले. ऑक्टोबरमध्ये रेडिंगला खालची कॅप हलायला लागली. दोन डॉक्टरांनी "दुसऱ्याचं काम" म्हणून हात लावला नाही. तिसरीनं स्टिकर बघितला, त्या कंपनीचा पेचकस मागवला, पुढच्या मंगळवारी दहा मिनिटांत घट्ट करून दिली आणि ९५ पौंड घेतले. स्कॅनची सीडीही दाखवायला नेली होती. तिच्याकडे सीडी चालवायचं यंत्रच नव्हतं. तुम्ही पेनड्राइव्हवर घ्या.