तुम्ही विचारलंत म्हणून: अलिबागला बसून सूर्य कसा बघता?

बघत नाही. नातेवाईक, रो-रोने समुद्रावर आलेले मित्र, सगळे इथल्या चुंबकीय वेधशाळेत दुर्बीण शोधतात. तिथे चुंबकं आहेत. सूर्याचं वादळ पृथ्वीवर आदळलं की विषुववृत्ताच्या वर, खूप उंचावर, विजेच्या प्रवाहाचं कडं जोर धरतं आणि जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र घटतं. ते घटणं मोजायचं. ध्रुवांकडे ऑरोराच्या, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या, प्रवाहांचा गोंधळ, ऐन विषुववृत्तावर दुपारचा आणखी एक प्रवाह. अलिबाग दोन्हींपासून लांब, म्हणून ते घटणं इथे स्वच्छ दिसतं.

10 मे 2024 ला, अक्षय तृतीयेच्या रात्री, असंच वादळ आलं. लडाखमधल्या हानलेला आकाश लाल दिसलं. "आपल्याकडे काय झालं?" आईने विचारलं. क्षेत्र जेमतेम एक टक्का उतरलं, म्हटलं. "बरं," म्हणाली आणि आंबे चाचपायला गेली.

माझं काम जुन्या नोंदींवर आहे. आता नोकरीची ती मुलाखत सांगतेच.

मोठ्या शहरातली संस्था. मी फोटोग्राफिक कागदांबद्दल बोलत होते: काळोख्या खोलीत टांगलेलं चुंबक, त्याला चिकटवलेला इवलासा आरसा, त्यावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका आणि सावकाश फिरणाऱ्या कागदावर त्याने ओढलेली रेघ. शांत दिवशी ती दुपारच्या सुमारास जराशी उचलते आणि परत बसते. मोठ्या वादळात कागदाबाहेरच निघून जाते. तिथे नुसती कोरी जागा उरते, आणि त्या कोऱ्या जागेतलं वादळ किती मोठं होतं हे कसं काढायचं, तेच मी सांगत होते. एक सदस्य मध्येच म्हणाले, "आता सॅटेलाइट आहेत ना! अलिबागसे आयी हो क्या?"

सगळे हसले. मीही हसले. अर्ज त्यांच्या पुढ्यातच होता, वरच पत्ता: अलिबाग, जिल्हा रायगड.

उत्तर सुचलं ते परतीच्या एसटीत, वडखळ नाक्याला. 1921 चं वादळ काय सॅटेलाइटला विचारणार? आणि 1859 चं? 1 सप्टेंबरला खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने इंग्लंडात सूर्यावरचा भडका पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) कोसळलेलं माणसांनी डोळ्यांनी वाचून हाताने लिहिलं. आजही अभ्यासक त्याच आकड्यांकडे येतात.

पुढे कित्येक वर्षं हे उत्तर मी मनात घोटलं. पण ते लंगडं आहे. ती नोंद मुंबईच्या कुलाब्याची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार, म्हणून 1904 साली काम अलिबागला हलवलं. म्हणजे आमच्याकडे ट्राम नव्हती, वीज नव्हती, काही नव्हतं, म्हणून आमची निवड झाली. ज्याला ते हसतात, त्यावरच माझं पोट चालतं. यावर अभिमान बाळगू की चिडू, माझं अजून ठरत नाही. नोकरी त्या वाक्यामुळे गेली असंही म्हणवत नाही. निवडलेला मुलगा हुशारच होता.

भाऊ म्हणतो, सोड आता. त्या वाक्यावर बंदी आणा म्हणून कोणी हायकोर्टात गेलं होतं, 2019 मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली, असे विनोद मनावर घेऊ नका म्हणाले. कोर्टाचं पटतं मला. बंदी मलाही नकोच होती. त्यांनी अर्ज वाचायला हवा होता.