टायरवरचे चार आकडे

टायरच्या बाजूवर बहुधा ‘डीओटी’ (DOT, अमेरिकेच्या परिवहन खात्याचे लघुनाम) या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी, लंबगोल चौकटीत, चार आकडे असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. म्हणजे २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या जूनच्या सुरुवातीला तयार झालेला आहे. पुष्कळदा हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आतल्या अंगाला गेलेली असते, म्हणून बाहेरून दिसले नाहीत तर मोबाइलचा टॉर्च घेऊन आत डोकवावे.

टायरचा गोटा झाला की तो बदलायचा, एवढे सर्वांना ठाऊक असते. नक्षीच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात आणि नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मात्र महिनोन् महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीची नक्षी झिजतच नाही आणि तिथेच फसगत होते. ऊन, उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन यांमुळे रबर उभ्या जागीही कडक होत जाते. शिवाय ओझोनपासून बचाव करणारे मेण टायर फिरताना, दाबला जाताना पृष्ठभागावर येते, त्यामुळे उभ्या गाडीला ते संरक्षणही कमी मिळते. नक्षीच्या तळाशी आणि बाजूवर केसासारख्या बारीक भेगा दिसू लागल्या, तर टायर जाणकाराला दाखवलाच पाहिजे. कित्येक गाडी-उत्पादक सहा वर्षांनंतर, नक्षी शिल्लक असली तरी, टायर बदलायला सांगतात, आणि दहा वर्षांपुढे तो वापरू नये असे टायर कंपन्याच म्हणतात. डिकीतल्या स्टेपनीलाही हाच हिशेब लागू आहे, हे मी कळकळीने सांगतो.

टायरच्या बाजूवर मापाची आणखी एक ओळ असते. उदाहरणार्थ, ‘१८५/६५ आर१५ ८८एच’ यात १८५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के बाजूची उंची, रेडियल (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत आडवे असलेली) बांधणी आणि १५ इंची रिम येते. ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो भार, तर एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. ही मर्यादा हवा योग्य असेल तरच खरी. समृद्धी महामार्गावर भर उन्हात तासन् तास ताशी १२० च्या वेगाने जाताना हवा कमी असेल, तर टायरची बाजू सतत वाकते, आतून तापते आणि जुने रबर तिथेच दगा देते. हवा सकाळी, टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. टायरवर लिहिलेला दाब कमाल असतो, तो भरायचा नसतो.

नवे टायर घेताना ते रिमवर चढवण्याआधीच दुकानदाराला प्रत्येकावरचे चार आकडे दाखवायला सांगावे.