हानलेत अगस्त्य सापडेना, त्याची गोष्ट

लेहहून न्योमामार्गे लडाखमधलं हानले: साधारण अडीचशे किलोमीटर, परमिट, धूळ आणि विरळ हवेची डोकेदुखी. प्रवास एवढाच. लिहायचंय ते पहाटे चारच्या आभाळाबद्दल.

दिवाळीची अमावस्या, ऑक्टोबर संपत आलेला. लॅपटॉपवर स्टेलॅरियम, म्हणजे आभाळाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर. पडद्यावर अगस्त्य (कॅनोपस) हा तारा दक्षिण क्षितिजापासून 18 अंश वर. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंशांची, म्हणजे जवळजवळ दोन मुठी. समोर त्या जागी मात्र अगस्त्य नाही. व्याधाचा तारा (सिरियस) हाही पडद्यावर 54 अंशांवर, प्रत्यक्षात 40 वर. सगळं दक्षिणेचं आभाळ दीड मूठ खाली उतरलेलं!

मग उत्तरेला वळून ध्रुव पाहिला. पडद्यावर 19 अंश, डोळ्यांना 33 च्या आसपास. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, त्यामुळे लगेच कळलं: सॉफ्टवेअर अजून मुंबईतच होतं. नेटवरून ठिकाण घेण्यावर विसंबलो होतो आणि तिथे नेट नव्हतं.

हिशेब सोपा आहे. अगस्त्य खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीचं विषुववृत्त आभाळावर उमटवलं तर मिळणाऱ्या रेषेच्या) 52.7 अंश दक्षिणेला. 90 मधून हे आणि आपला अक्षांश वजा केला की त्याची जास्तीत जास्त उंची. मुंबईत 18 अंश, हानलेत जेमतेम साडेचार. तेवढं समोरचा डोंगर गिळून टाकतो. पडद्यावर डोंगर नसतो. स्टेलॅरियममधलं जमिनीचं मूळचं दृश्य फ्रान्समधल्या सपाट शेताचं.

तर स्टेलॅरियममध्ये एफ6 दाबून ठिकाण हातानेच भरा: 32 अंश 47 मिनिटं उत्तर, 78 अंश 58 मिनिटं पूर्व. टाइमझोन कोलकात्याचा. नुसतं 'ए' दाबलं की पडद्यावरचं वातावरण जातं, 'जी' दाबलं की जमीन. 'सी'ने तारकासमूहांच्या आकृत्यांच्या रेषा येतात, आणि हानलेत त्या लागतातच: तारे इतके की ओळखीचं मृगसुद्धा गर्दीत हरवतं. कृत्रिम उपग्रह बघायचे असतील तर त्यांची माहिती लेहलाच ताजी करून घ्या. जुन्या आकड्यांवर ते भलतीकडेच दिसतात.

चूक कुठली, हे ध्रुवच सांगतो. त्याची उंची चुकली तर अक्षांश. तो जागेवर पण बाकी सगळं त्याच्याभोवती फिरलेलं, तर घड्याळ किंवा रेखांश. उंची बरोबर, पण अख्खं आभाळ डावी-उजवीकडे सरकलेलं, तर (मोबाइलवर नकाशा बघत असाल तेव्हा) मोबाइलचं होकायंत्र. चुंबकाचं कव्हर काढा, जीपच्या बॉनेटपासून लांब जा, फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा. तरीही जमलं नाही तर सेन्सर बंद करून नकाशा बोटानेच व्याधावर आणा. मला तर हेच बरं वाटतं.

कंट्रोल आणि एन दाबून पडदा लाल करा. तेवढ्याने भागत नाही, कारण एलसीडीचा काळा रंगही उजळतो. ब्राइटनेस अगदी तळाला न्या, वर लाल जिलेटिन कागद लावा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि शेजारचा पर्यटक पांढरी टॉर्च लावून एका सेकंदात ती वाया घालवतो. होमस्टेवाल्यांनी गोड शब्दांत सांगूनही लोक ऐकत नाहीत. एवढे पैसे खर्चून अंधार बघायला यायचं आणि रील काढायला दिवे लावायचे!

पॉवर बँक जॅकेटच्या आत ठेवा, बाहेर थंडीत ती लवकर दम तोडते.

अगस्त्य नोव्हेंबरच्या मध्यावर दिसला. मुंबईत, पहाटे साडेतीनला, गच्चीवरच्या टाकीच्या बाजूला, बरोबर 18 अंशांवर.